फॉल्टवाले अण्णा

कॉम्प्युटर बंद पडला की लोकांना तो चालू व्हायला हवा असतो. अण्णांना तो पुन्हा एकदा बंद पडायला हवा असतो. आमच्या सोसायटीतले निम्मे गैरसमज या एका फरकातून झालेले आहेत.

अण्णा डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत बी विंगच्या तळमजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. घरोघरचे टेलिफोनही एव्हाना माळ्यावर गेले. पण अण्णांची ड्युटी काही संपलेली नाही. लोक 198 नंबर फिरवून ओरडायचे, तेव्हा त्या ओरडण्याच्या दुसऱ्या टोकाला जी शांत माणसं बसलेली असायची त्यांतले अण्णा एक. फोन ‘डेड’ आहे म्हणजे नक्की काय झालंय, तार तुटलीय, दोन तारा एकमेकींना चिकटल्यात की एखादी जमिनीला लागलीय, हे ते टेस्ट डेस्कवर बसून सांगत. मग एक्स्चेंज, पिलर, डीपी आणि घर या रांगेत मधोमध जाऊन तपासायचं. इथपर्यंत लाइन ठीक असेल तर फॉल्ट पुढे, नसेल तर मागे. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचे. जगातली कुठलीही गोष्ट या पद्धतीने सापडते, अशी त्यांची श्रद्धा आहे. एकदा काकूंची पाटली हरवली, तेव्हा त्यांनी अर्धं घर रिकामं करून तपासलं. पाटली मिळाली नाही. “म्हणजे उरलेल्या अर्ध्यात आहे,” असं समाधानाने म्हणून ते जेवायला बसले.

हाफ शर्ट, खिशाला टेस्टर, दोन पेनं आणि काखेत कुठल्याशा सहकारी बँकेची जुनी डायरी. निळ्या पेनाने ‘काय बदललं’ ते लिहायचं आणि लाल पेनाने ‘काय झालं’ ते. तिसरा रकाना ‘का झालं’ असा आहे. तो ते पेन्सिलीने लिहितात, कारण खोडावा लागतो.

2001 साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि निवृत्तीनंतर अण्णाही त्या वर्गात जाऊन बसले. बाकीची मुलं नोकरीच्या अर्जासाठी आलेली. सरांनी विचारलं, “कॉम्प्युटर हँग झाला तर काय करायचं?” सगळी मुलं एका सुरात म्हणाली, “रीस्टार्ट!” अण्णांनी हात वर केला. “सर, पण हँग का झाला?” सर म्हणाले, “ते सिलॅबसमध्ये नाही.” त्या क्षणी सिलॅबसवरचा अण्णांचा विश्वास उडाला आणि पुढचं सगळं शिक्षण सोसायटीतल्या लोकांच्या कॉम्प्युटरवर झालं.

तसे त्यांना सगळेच फॉल्ट प्रिय. प्रिंटर कागद खातो, माउस अडखळतो, वायफाय पाण्यासारखं करंगळीएवढं येतं, अण्णा कशालाही नाही म्हणत नाहीत. पण इंटरनेटवरचा व्हिडिओ बघता बघता पडणारा कॉम्प्युटर म्हटला, की त्यांचा चेहरा उजळतो. कारण हा फॉल्ट अट्टल असतो. एरवी मशीन ठणठणीत. पत्र टाइप करा, हिशेब करा, फोटो बघा, काही तक्रार नाही. व्हिडिओ लावला, की थोड्या वेळाने पडदा काळा आणि शेवटचा आवाज स्पीकरमध्ये अडकून टर्रर्र करत राहिलेला. माउस हलत नाही, कीबोर्ड ऐकत नाही. बटण दाबून चालू करावं, तर मशीन काही झालंच नाही अशा थाटात उठतं.

या फॉल्टशी अण्णांची ओळख फ्लॅश प्लेअरच्या काळातली. 2010 साली फ्लॅशची 10.1 ही आवृत्ती आली आणि व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवायची सोय तिने केली. जगभर अनेकांचे व्हिडिओ गुळगुळीत झाले आणि काहींचे कॉम्प्युटर पडायला लागले. व्हिडिओवर उजवं बटण दाबायचं, सेटिंग्ज उघडायची, ‘एनेबल हार्डवेअर ॲक्सिलरेशन’समोरची बरोबरची खूण काढायची. तेवढ्याने भागायचं. हे गुपित डोंबिवली पूर्वेत ज्या मोजक्या लोकांना माहीत होतं, त्यांत अण्णा होते. तो त्यांचा सुवर्णकाळ. पुढे 2015 च्या जानेवारीत यूट्यूबने फ्लॅश बाजूला सारून एचटीएमएल-5 धरलं, 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून तर तो व्हिडिओ दाखवायलाच नकार देऊ लागला. अण्णा त्या दिवशी गप्प गप्प होते. “आयुष्यभर त्रास दिला त्याने,” काकूंना म्हणाले, “पण खूण काढायला समोर होती हो. आताच्या सगळ्या खुणा आत दडवलेल्या.”

अण्णा स्वतः व्हिडिओ बघत नाहीत. ते व्हिडिओवरची आकडेवारी बघतात. यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं बटण दाबलं, की ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाचा एक पर्याय येतो. तो उघडला, की कोपऱ्यात एक काळी चौकट दिसते. त्यात व्हिडिओ कोणत्या पद्धतीने आवळलाय, किती चौकटी आल्या आणि किती गळाल्या, असा सगळा तपशील असतो. काकूंनी हौसेने एक जुनं तीन अंकी नाटक लावलं होतं. अण्णा शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. पडदा पडल्यावर काकूंनी डोळे पुसत विचारलं, “कसं वाटलं?” अण्णा म्हणाले, “छान. चारच फ्रेम पडल्या.”

अशा या अण्णांच्या आयुष्यातली मोठी केस गणेशचतुर्थीच्या सकाळी उभी राहिली.

तिसऱ्या मजल्यावरच्या कदमांकडे दीड दिवसाचा नाही, गौरींबरोबर जाणारा गणपती असतो. गुरुजींचा सकाळी फोन आला, की हातात बरीच घरं आहेत, दुपारी तीनला जमेल. कदमांच्या आईंनी तीनची वेळ ऐकताच देवासमोर बसकण मारली आणि मध्यान्हीच्या आत पूजा झालीच पाहिजे असं जाहीर केलं. तेव्हा कदमांनी आजकाल पुष्कळ घरी होतं ते केलं. यूट्यूबवर प्राणप्रतिष्ठेची पूजा शोधली, मुलाचा, सोनूचा, कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणून केबलने टीव्हीला जोडला, सोवळं नेसून पाटावर बसले. पडद्यावरचे गुरुजी स्वच्छ आवाजात सांगत होते, कदम पळीने पाणी सोडत होते, आजी मान डोलवत होत्या. फुलं वाहायची वेळ आली. गुरुजी म्हणाले, “समर्पयामि.” आणि पडदा काळा झाला. आवाज मात्र सुरूच. “मि-मि-मि-मि-मि-मि...”

कदम श्रद्धाळू माणूस. जोवर मंत्र चालू आहे तोवर वाहत राहायचं, एवढं त्यांना ठाऊक. फुलं संपली, मग पत्री वाहिली, एकवीस दूर्वांची जुडी सुटी करून एकेक वाहिली, शेवटी अक्षता संपायला आल्या तेव्हा त्यांनी घाबरून आईकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, “थांबू नकोस. मोठी पूजा दिसतेय.” अखेर कदम वहिनी स्वयंपाकघरातून मोदकाचं पीठ लागलेल्या हातांनी आल्या आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, तेव्हा गणपती दूर्वांत पार बुडाला होता.

पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. फक्त या वेळी आचमनाला पडला. मग सोसायटी जमली. आपल्याकडे गणपतीच्या दर्शनाला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, एखादा सल्ला घेऊन येतो. एकाने रॅम काढून खोडरबराने पुसायला सांगितलं. दुसऱ्याने अँटिव्हायरसची मुदत विचारली. तिसऱ्याचा भाचा स्टेशन रोडवरच्या दुकानात कामाला, त्याने फोनवरूनच निकाल दिला, “फॉर्मॅट मारावा लागेल. पाचशे रुपये. आतला डेटा पाहिजे असेल तर वेगळे.”

तेवढ्यात खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध अशा अवस्थेत अण्णा आले. ‘फॉर्मॅट’ हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता. “फॉर्मॅट म्हणजे पुरावा जाळणं,” ते म्हणाले. मग कॉम्प्युटरसमोर बसले, डायरी उघडली आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, “हं, परत पाडा.”

“परत?” आजींचा आवाज चढला. “अहो अण्णा, देव अर्धा बसलाय!”

“मावशी, मला तो पडताना बघायचाय.”

“देव?”

“कॉम्प्युटर.”

आजींनी परवानगी नाकारली. बारा वाजायला आले होते. अण्णांनी नाइलाजाने ब्राउझरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले, सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात ‘यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल’ असं लिहिलेलं बटण बंद केलं आणि ब्राउझर नव्याने उघडायला लावला. पूजा लागली ती आरतीपर्यंत न थांबता. कॉम्प्युटरचा पंखा मात्र एवढा घोंघावायला लागला, की पाहुण्यांना वाटलं मिक्सरवर काही वाटताहेत. कदमांनी अण्णांच्या हातावर मोदक ठेवून म्हटलं, “वाचवलंत. झालं एकदाचं!”

अण्णांनी मोदक खाल्ला, दुसराही घेतला. मग हात पुसत म्हणाले, “झालं कुठे? हा उपाय नव्हे, ही चाचणी होती. उद्या येतो.”

इथे अण्णांचा आणि जगाचा जुना झगडा आहे. जगाच्या मते व्हिडिओ चालला की प्रश्न संपला. अण्णांच्या मते प्रश्न तिथे सुरू होतो. ग्राफिक्सची मदत काढून घेतल्यावर कॉम्प्युटर पडायचा थांबला, याचा अर्थ घोळ त्या मदतीच्या वाटेवर कुठेतरी आहे, एवढंच कळलं. नक्की कुठे, ते कळलं नाही. आणि न कळलेली गोष्ट तशीच सोडून झोपणारी माणसं अण्णांना कळत नाहीत. काकू म्हणतात, “माझं बीपी वाढलं तरी हे आधी डायरी काढतात. कधीपासून? त्याआधी काय बदललं? मी म्हटलं, लग्न झालं.”

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, तेव्हा आजींनीच त्यांना बसवून घेतलं. “मला एक सांगा. हा सोनू रात्र रात्र त्यावर राक्षस मारतो, तेव्हा काही होत नाही. आणि देवाचं लावलं की बंद. हे काय आहे?”

प्रश्न अचूक होता. अण्णा खूश झाले. “मावशी, लग्नातला मुदपाकखाना आठवा. मुख्य आचारी एक. तो भात, आमटी, भाजी, सगळं बघतो. पण जिलब्या पाडायला वेगळा माणूस असतो. त्याला दुसरं काही येत नाही, पण जिलब्या तो झराझर पाडतो. कॉम्प्युटरमधला प्रोसेसर हा मुख्य आचारी. ग्राफिक्स कार्डात व्हिडिओ उलगडायचा जो वेगळा भाग असतो, तो जिलबीवाला. राक्षस मारायचं काम त्याच कार्डाचा दुसरा भाग करतो. त्यामुळे तिकडे सगळं ठीक आणि इकडे गडबड, असं होऊ शकतं.”

“एवढं काय असतं हो त्या व्हिडिओत?”

अण्णांनी डायरीत आकडे मांडून दाखवले. नेहमीचा स्वच्छ, म्हणजे 1080 पीचा व्हिडिओ घेतला, तरी आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके. गुणाकार 20,73,600. असं चित्र सेकंदाला तीसदा बदलायचं, म्हणजे दर सेकंदाला सहा कोटींच्या वर ठिपके रंगवायचे. एवढं सगळं इंटरनेटवरून उघडं पाठवलं, तर कुणाचीच लाइन पुरणार नाही. म्हणून ते आवळून पाठवतात. मागच्या चौकटीपासून जे बदललं नाही, ते पुन्हा पाठवतच नाहीत. गुरुजींच्या मागची भिंत एकदा पाठवली की झालं, पुढे फक्त गुरुजींचा हात हलतो तेवढं. आवळायच्या पद्धतीही निरनिराळ्या. एच.264 ही 2003 सालची, व्हीपी9 त्यानंतरची, एव्ही1 त्याहून नवी, 2018 ची. आवळलेलं पुन्हा उलगडायचं काम इकडे, घरात, डोळ्यांची पापणी लवायच्या आत.

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि व्यवहाराचा मुद्दा मांडला. “मग जिलबीवाला बदला.”

“तो चांगला असेल तर? आचारी आणि जिलबीवाला यांच्यामध्ये एक निरोप्या असतो, मावशी. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ब्राउझर सांगतो एक, निरोप्या पोचवतो भलतंच, जिलबीवाला कढईसमोर हात वर करून उभा. काल मी जिलब्याही आचाऱ्यालाच करायला लावल्या. झाल्या. पण त्याचा घामटा निघाला, तो पंख्याचा आवाज ऐकलात ना? आता आपल्याला तिघांपैकी कोण ते बघायचंय. सांगणारा, निरोप्या, की जिलबीवाला.”

आजींना हे पटलं. त्यांनी आयुष्यात अशी अनेक लग्नं पाहिली होती.

मग अण्णांची तपासणी सुरू झाली. त्यांचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला महाकठीण. घाईतला माणूस ड्रायव्हर बदलतो, ब्राउझर बदलतो, केबल बदलतो, पेटी उघडून धूळही उडवतो आणि मग कॉम्प्युटर चालतो. कशाने चालला ते कुणालाच कळत नाही. अण्णांच्या लेखी असा कॉम्प्युटर दुरुस्त झालेला नसतो, तो निर्दोष सुटलेला असतो.

आधी त्यांनी बंद केलेलं बटण पुन्हा चालू केलं. व्हिडिओ लावला, पडला. लाल पेनाने नोंद. टीव्हीची केबल काढली, पडला. दुसरा ब्राउझर घेतला, तिथेही पडला. “म्हणजे सांगणारा सुटला,” अण्णा आजींना म्हणाले. मध्येच एकदा पडदा गोठला तेव्हा त्यांनी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशी चार बटणं एकदम दाबली. टुक् असा आवाज झाला, पडदा क्षणभर मिटला आणि पुन्हा उजळला. सोनूने आ वासला. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला झोपेतून उठवायचा हा मंत्र कॉम्प्युटरमध्ये मुळातच असतो, पण तो जपणारे फार थोडे.

मग त्यांनी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. कॉम्प्युटर आपल्या बारीकसारीक दुखण्यांची रोजनिशी तिथे लिहीत असतो. कदम वहिनी ती लाल चिन्हांची रांग बघून घाबरल्या. अण्णा म्हणाले, “घाबरू नका, धडधाकट कॉम्प्युटरमध्येही अशी लाल चिन्हं असतात. कुरकुरणारा माणूस आजारीच असतो असं नाही.” ते खाली खाली गेले आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले. क्रमांक 4101. डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा सावरला. 2007 साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी व्यवस्था आहे, की ग्राफिक्सकडे काम दिल्यावर ठरलेल्या वेळात, एरवी दोन सेकंदांत, उत्तर आलं नाही तर विंडोज त्या ड्रायव्हरला गदागदा हलवून पुन्हा उभं करतं. उभा राहिला तर बरं, नाही तर निळा पडदा, नाही तर सगळंच गोठतं. “बघा,” अण्णा म्हणाले, “सावरतोय, पडतोय, सावरतोय. आणि एका पूजेला सावरलाच नाही.”

आता शेवटचा प्रश्न. अण्णांनी चष्मा वर केला. “हे सुरू व्हायच्या आधी काय बदललं?”

“काही नाही,” कदम म्हणाले.

“काही नाही,” वहिनी म्हणाल्या.

“काहीच नाही, आजोबा,” सोनू जरा मोठ्याने म्हणाला.

टेलिफोन खात्यातल्या उभ्या नोकरीत अण्णांनी हे उत्तर इतक्या वेळा ऐकलंय, की ते ते ऐकतच नाहीत. घराला रंग देताना रंगाऱ्याने तार कापलेली असायची, नवं कपाट भिंतीला टेकवताना मागे वायर चिरडलेली असायची आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून शपथेवर सांगायचं, काही नाही. त्यांनी रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. तिथे रोजचा एक रकाना असतो. जे पडलं त्याची लाल फुली, जे नवं आलं त्याची निळी खूण. लाल फुल्या गेल्या शनिवारपासून सुरू होत होत्या. त्याआधीचा महिना स्वच्छ. शुक्रवारच्या रकान्यात रात्री पावणेदोनची निळी खूण होती. ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर. आणि तिच्याच खाली, पाच मिनिटांच्या अंतराने, एका नव्या कोऱ्या गेमचं नाव.

शनिवारी सोनूची अकरावीची चाचणी होती, हे अख्ख्या विंगला माहीत होतं, कारण वहिनींनी त्यासाठी सगळ्यांचे टीव्ही हळू करून घेतले होते. नवा गेम नव्या ड्रायव्हरशिवाय सुरू होत नाही, हे फक्त सोनूला माहीत होतं. आता ते अण्णांनाही कळलं. खोलीत सोनूच्या श्वासाचा आवाज येत होता.

“काय, सापडलं का?” कदमांनी विचारलं.

“सापडलं. निरोप्या बदललाय.”

“कुणी बदलला?”

अण्णांनी सोनूकडे पाहिलं नाही. पडदा खाली सरकवला, त्या दोन्ही ओळी वर निघून गेल्या. “आपोआप,” ते म्हणाले. “हल्ली रात्री अपरात्री आपोआप येतात.” उभ्या आयुष्यात फॉल्टचं कारण चुकीचं सांगितल्याची ही त्यांची एकमेव नोंद. तीही तोंडी. डायरीत त्यांनी खरंच लिहिलं. बदल: ड्रायव्हर. परिणाम: व्हिडिओ पडतो. आणि तिसऱ्या रकान्यात, चक्क शाईने, कारण: वय वर्षं सोळा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्यांनी ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबलं आणि जुन्या निरोप्याला कामावर परत घेतलं. ग्राफिक्सची मदत चालू ठेवून पूजेचा व्हिडिओ लावला. गुरुजींनी “समर्पयामि” पूर्ण म्हटलं. आजींनी हात जोडले, कदम उठून शेकहँड करायला आले, वहिनी चहा ठेवायला वळल्या.

“बसा,” अण्णा म्हणाले. “आता पुन्हा नवा ड्रायव्हर टाकू.”

“अहो, का?”

“फॉल्ट परत आला नाही, तर तो हाच होता कशावरून?”

घरात दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. कदमांनी हात जोडले, वहिनींनी चहाचं आमिष दाखवलं, सोनू तर रडवेला झाला. पण अण्णांनी नवा ड्रायव्हर टाकलाच. आरती लावली. पहिल्याच कडव्यात पडदा काळा. टर्रर्र. घरातली सगळी माणसं कपाळाला हात लावून बसली होती आणि त्यांच्या मधोमध एक वृद्ध गृहस्थ कृतार्थ चेहऱ्याने लाल पेनाचं टोपण उघडत होते.

मग जुना ड्रायव्हर परत आला, चहा झाला. काही आठवड्यांनी ड्रायव्हरची त्याहून नवी आवृत्ती निघाली. तिच्यासोबतची टिपणं अण्णांनी अथपासून इतिपर्यंत वाचली. जगात ती पूर्ण वाचणारे दोघेच असावेत, दुसरा म्हणजे लिहिणारा. व्हिडिओ बघताना कॉम्प्युटर गोठण्याचा दोष दूर केल्याची एक ओळ तिथे होती. ती त्यांनी छापून घेतली आणि कदमांच्या दारावर गणपतीच्या तोरणाखाली चिकटवली.

असल्या केसेस आता कमी होत चालल्यात. ब्राउझर ग्राफिक्सचं काम वेगळ्या खोलीत कोंडून करतात. तिथे काही कोसळलं तर ती खोली तेवढी नव्याने उघडतात, बघणाऱ्याला व्हिडिओ क्षणभर अडखळल्यासारखा वाटतो, एवढंच. ज्या कार्डांशी आपलं पटत नाही त्यांची यादीही ते जवळ ठेवतात आणि त्यांच्यावर नाजूक काम टाकतच नाहीत. लोकांना हा विज्ञानाचा विजय वाटतो. अण्णांना ही दडपादडपी वाटते. हल्ली कुणाकडे सत्यनारायणाला गेले तरी प्रसाद घेता घेता ते हळूच इव्हेंट व्ह्यूअर उघडतात आणि यजमानाला गंभीरपणे सांगतात, “तुमचा ड्रायव्हर गेल्या आठवड्यात तीनदा कोसळला. तुम्हाला पत्ता नाही.” तोवर सुखात असलेला तो गृहस्थ त्या रात्री झोपत नाही. अण्णा मात्र शांत झोपतात, निदान कळलं तरी.

एखादं संशयित कार्ड हाती लागलं, की ते पिशवीत घालून निघतात. डोंबिवलीहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कार्ड घेऊन निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. तिथले दुकानदार त्यांना लांबून ओळखतात. विकत काही घेत नाहीत, फक्त म्हणतात, “हे तुमच्या मशीनमध्ये लावून पडतंय का बघू.” कार्ड तिथे पडलं, तर अण्णा दुकानदाराचं अभिनंदन करतात.

हल्ली त्या पिशवीबरोबर सोनूही असतो. त्या शुक्रवारच्या निळ्या खुणेबद्दल दोघांत कधी शब्दही झाला नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून तो स्वतःची वही घेऊन अण्णांकडे जायला लागला. तीन रकाने, दोन पेनं, एक पेन्सिल. कदमांना पोराला वळण लागल्याचा केवढा आनंद झाला. तो सहामाहीचा निकाल लागेपर्यंत टिकला. गणितात पस्तीसला दोन कमी. कदम ओरडले, उद्यापासून मोबाइल बंद, कॉम्प्युटर बंद, खेळायला जाणं बंद आणि आणखी एक शिकवणी.

सोनूने शांतपणे वही उघडली.

“बाबा, सगळं एकदम बदललंत तर फॉल्ट कशात होता ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलू. मी म्हणतो, आधी शिकवणी बंद करून बघू.”